हातचे की पळते?

हातचे सोडून पळत्याच्या पाठीस लागू नये, अशी म्हण आपल्या भाषेत आहे; आणि साहसावाचून लक्ष्मी प्रसन्न होत नाही, असेही आपले वाडवडील तितक्याच खात्रीने सांगत आले. दोन्ही वचने एकाच मुखातून निघतात व ऐकणारास दोन्ही पटतात. ह्यांपैकी कोणते केव्हा खरे मानावे, हा प्रश्न सांप्रत घरोघर एका खेळाच्या निमित्ताने चर्चिला जातो. म्हणून त्या खेळाचे परीक्षण एखाद्या नाटकाच्या परीक्षणाइतक्याच आस्थेने करणे आम्हांस अगत्याचे वाटते.

हा खेळ म्हणजे ‘कौन बनेगा करोडपती’. विलायतेत १९९८ साली निघालेल्या कार्यक्रमावरून तो २००० साली हिंदीत आला, आणि २०१३ साली मराठीतही अवतरला. त्याची रचना सर्वांस परिचित आहे. प्रश्नागणिक रक्कम वाढते. उत्तर ठाऊक नसेल तर मिळविलेली रक्कम घेऊन उठता येते. उत्तर चुकले तर मात्र मागल्या हमीच्या टप्प्यापर्यंत खाली यावे लागते. ज्ञानाची परीक्षा असे त्यास म्हणतात खरे. परंतु त्यातील रस ज्ञानात नाही, खेळावे की उठावे ह्या द्विधेत आहे. नाटककार दोन अंक खर्चून जो पेच उभा करतो, तो येथे एका क्षणात उभा राहतो. कर्त्यांची ही करामत आम्ही मोकळ्या मनाने मान्य करतो.

२०१९ साली अमरावती जिल्ह्यातील अंजनगाव सुर्जी येथील बबिता ताडे ह्या खेळात एक कोटी रुपये जिंकल्या. शाळेतील मुलांसाठी खिचडी शिजविण्याचे काम त्या दरमहा १,५०० रुपयांवर करीत असत. सात कोटींचा प्रश्न समोर आला तेव्हा त्यांनी खेळ सोडला. उत्तर चुकते तर हाती ३,२०,००० रुपये उरले असते.

आम्ही शहापुरास अध्यापन करतो, व आमच्या वर्गात शहापूर आणि मुरबाड ह्या दोन्ही तालुक्यांतील मुले असतात. हा प्रसंग चर्चेस निघाला असता एका विद्यार्थ्याने फळ्यावर हिशेब मांडला. चार पर्यायांतून डोळे मिटून एक निवडला तरी चारांत एक संधी आहे. सात कोटींचा चौथा हिस्सा पावणेदोन कोटी, ३,२०,००० चे तीन चतुर्थांश २,४०,०००, बेरीज १,७७,४०,०००. “म्हणजे सर, बाईंनी सत्त्याहत्तर लाखांवर पाणी सोडले!” हिशेब बिनचूक होता. तेव्हा मुरबाडकडील एक मुलगी उठून म्हणाली, “पण सर, चुकल्यावर घरी कोण परत जाणार? सरासरी, की ती बाई?”

ह्या प्रश्नात गणितशास्त्राच्या इतिहासातील एक मोठी शंका सामावलेली आहे, हे त्या मुलीस ठाऊक नव्हते. डॅनिएल बर्नूली ह्या गणितज्ञाने १७३८ साली असे दाखविले की, पैशाचे मोल केवळ आकड्यावर ठरत नसून ते घेणाऱ्याच्या स्थितीवर ठरते. २०,००० डुकाट किंवा शून्य, अशी समसमान संधी देणारी सोडत एखाद्या दरिद्री माणसाच्या हाती आली आणि त्याने ती ९,००० ला विकली, तर तो मूर्ख ठरत नाही. आणि तीच सोडत त्या किमतीस घेणारा धनिकही मूर्ख ठरत नाही. सरासरीचा आधार हजार वेळा खेळणाऱ्या विमा कंपनीस असतो; एकदाच खेळणाऱ्यास नसतो. दरमहा १,५०० रुपयांच्या हिशेबाने एक कोटी म्हणजे साडेपाचशेहून अधिक वर्षांची कमाई, आणि ३,२०,००० म्हणजे अठरा वर्षांचीही नव्हे. ह्या दोहोंमधील दरी पाहूनच बाई उठल्या.

येथेच ह्या खेळाचा आमच्या मते मुख्य दोष आहे. उठलेल्या स्पर्धकास सूत्रधार विचारतो, “आता उत्तर द्यायचेच झाले असते तर कोणते दिले असते?” ते बरोबर निघाले की सभागृह हळहळते, चुकले की टाळ्या पडतात. रसपरिपोषास ही युक्ती उपकारक असेल, परंतु लोकांच्या विवेकास ती अपायकारक आहे. पिकलेले भात आज कापावे की चार दिवस थांबावे, हे आमच्याकडील शेतकरी समोरचे आभाळ पाहून ठरवितो. कापलेल्या भातावर अवकाळी पाऊस पडला म्हणजे गाव त्यास उतावळा म्हणते. न पडता तर त्यासच शहाणा म्हटले असते. माणूस तोच, आभाळ तेच, विचारही तोच. निर्णयाची पारख निर्णयकाळी जे ठाऊक होते त्यावरून करावी, हा साधा न्याय ह्या एका प्रश्नाने बिघडतो.

तथापि हमीची थोरवी गाऊन थांबणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. ह्याच तालुक्यांतील कित्येक कातकरी कुटुंबे पावसाळ्यात घरातील धान्य सरले म्हणजे वीटभट्टीच्या मालकाकडून बयाणा घेतात आणि दिवाळीनंतर तो फेडण्यासाठी भट्टीवर राबतात. तीही हाती आलेली निश्चित रक्कमच होय. परंतु तिची किंमत भुकेने ठरविलेली असते, आणि ती घेणारास मध्येच उठून जाण्याची मोकळीक नसते. धोका पत्करण्याइतके बळ नाही म्हणून घेतलेली ही हमी पुढील सर्व हंगाम गिळून टाकते.

म्हणून हमी श्रेष्ठ की जोखीम श्रेष्ठ, हा प्रश्नच आम्हांस अपुरा वाटतो. ती रक्कम घेऊन माणूस मोकळा होतो की बांधला जातो, हे पाहिले पाहिजे. ताडेबाई एक कोटी घेऊन उठल्या त्या मोकळ्या होऊन उठल्या. त्यांच्या त्या उठण्यात आम्हांस भित्रेपणा दिसत नाही. कार्यक्रमाच्या कर्त्यांस आमची एवढीच सूचना आहे की, उठणाऱ्यास त्याने न दिलेले उत्तर विचारू नये. त्याने खेळ सोडला आहे. प्रेक्षकांनीही तो तेथेच सोडावा.