‘कुठं लिहिलंय?’ : संतांचे अवशेष, बायबलचा आधार आणि आपली समाधी

जुन्या हुबळीत राहणाऱ्याला संताची समाधी म्हणजे काय हे समजावून सांगावं लागत नाही. सिद्धारूढ मठ इथंच आहे. १९२९ साली देह ठेवलेल्या सिद्धारूढ स्वामींच्या समाधीपुढं रोज माणसं डोकं टेकतात, आणि गावच्या रेल्वे स्टेशनालाही आता त्यांचंच नाव आहे. त्याच स्टेशनावरून लोंढा, कॅसलरॉकमार्गे गोव्याची गाडी जाते. २१ नोव्हेंबर २०२४ ते ५ जानेवारी २०२५ या काळात जुन्या गोव्यात सेंट फ्रान्सिस झेवियर यांचं शवप्रदर्शन झालं, तेव्हा इकडची काही मंडळीही जाऊन आली.

ती परत आल्यावर दोन वाक्यं कानावर पडली. एक शेजारी बासेल मिशनच्या परंपरेतले. ते म्हणाले, “बायबलात हे कुठं लिहिलंय?” दुसरे आपल्यातलेच, समाधीला नेमानं जाणारे. ते म्हणाले, “त्यात काय, आपल्या समाधीसारखंच की!” पहिल्या वाक्यात आक्षेप आहे, दुसऱ्यात आपुलकी. माझ्या मते दोन्ही घाईची आहेत. इतिहासात रस घेणाऱ्यांनी ती जरा तपासून घ्यावीत, म्हणून हे टिपण.

आधी आधार बघू. अवशेषांच्या बाजूनं बहुतेक वेळा तीन-चार उतारे पुढं केले जातात. त्यातला सर्वांत ठळक २ राजे, अध्याय १३ मधला. लोक एका मृताला पुरत असताना लुटारूंची टोळी दिसते. घाबरून ते प्रेत अलीशा संदेष्ट्याच्या कबरेत टाकतात. अलीशाच्या हाडांना स्पर्श होताच मेलेला माणूस उठून उभा राहतो. दुसरा उतारा प्रेषितांची कृत्ये, अध्याय १९ : पौलाच्या अंगाला लागलेले रुमाल आजाऱ्यांवर ठेवले की ते बरे होत. त्याच पुस्तकाच्या ५ व्या अध्यायात पेत्राची सावली तरी पडावी म्हणून लोक आजाऱ्यांना रस्त्यावर आणून ठेवतात. चौथा निर्गम, अध्याय १३ : इजिप्त सोडताना मोशे योसेफाची हाडं बरोबर घेतो.

आता ही यादी नीट वाचा. योसेफाची हाडं नेली ती पुरण्यासाठी, आणि यहोशवाच्या पुस्तकाच्या शेवटी ती शखेमात पुरलेली आहेत. पौल आणि पेत्र त्या वेळी जिवंत होते. म्हणजे मृत संताच्या हाडातून काही घडलं असं सांगणारा उतारा खरं तर एकच उरतो, अलीशाचा. पण तो साधासुधा नाही. त्याच धर्मशास्त्रात, गणना १९ मध्ये, प्रेताला शिवलेला माणूस सात दिवस अशुद्ध ठरतो. ज्या समाजात प्रेताचा विटाळ एवढा, तिथं हाडांनी जीव दिला ही गोष्ट जपून ठेवली गेली, याला वजन आहे. तरी त्यापुढं अलीशाची हाडं कुणी बाहेर काढली, जपली, लोकांना दाखवली, असं तिथं काहीच म्हटलेलं नाही. घडलेली घटना आहे, आज्ञा नाही.

विरुद्ध बाजूची यादीही तशीच तपासायला हवी. मोशेची कबर कुठं आहे हे कुणालाच ठाऊक नाही, असं अनुवाद ३४ म्हणतं. पितळी साप मोशेनं देवाच्याच सांगण्यावरून केला होता. पुढं लोक त्याला धूप जाळू लागले तेव्हा हिज्कीया राजानं तो फोडला (२ राजे १८). लुस्त्र गावात लोक पौल-बर्णबांना देव समजून बळी द्यायला निघाले, तर त्यांनी आपली वस्त्रं फाडली. कर्नेल्य पाया पडला तर पेत्रानं त्याला उठवलं. प्रकटीकरणात देवदूतही नमन नाकारतो. हे सगळं खरं. पण या उताऱ्यांत नाकारलेलं आहे ते देवाला द्यायचं ते दुसऱ्याला देणं. कॅथलिक पंथही ते नाकारतोच. आणि सापाच्या गोष्टीला दोन धारा आहेत : वस्तू मुळात चालली, तिची पूजा सुरू झाल्यावर चालली नाही.

संतांकडं मध्यस्थी मागण्याचा प्रश्न याहून वेगळा आहे, आणि तो अवशेषांत मिसळल्यामुळं वाद उगीच गढूळ होतो. १ तीमथ्य २ मध्ये एकच मध्यस्थ सांगितला आहे. त्याच अध्यायाच्या सुरुवातीला मात्र सर्वांसाठी प्रार्थना करा असंही म्हटलं आहे. मेलेले संत जिवंतांसाठी प्रार्थना करतात याचं सर्वांत स्पष्ट चित्र २ मक्काबी १५ मध्ये मिळतं. ते पुस्तक कॅथलिक बायबलात आहे, प्रॉटेस्टंट बायबलात नाही. म्हणजे ‘बायबलात कुठं आहे?’ असं विचारण्याआधी ‘कुठल्या बायबलात?’ हे ठरवावं लागतं. आणि जिवंत माणूस मृत संताला हाक मारून काही मागतो, असं दृश्य मक्काबीतही नाही. इथं आधार खरोखर पातळ आहे, हे मान्य केलं पाहिजे.

पण मूळ मुद्दा मापाचा आहे. ‘कुठं लिहिलंय?’ ही कसोटी बासेल मिशनची आहे. १८३९ साली हुबळीत ठाणं उघडणारी ही माणसं ग्रंथालाच अखेरचा अधिकार मानणारी. त्यांच्या चर्चमध्ये हाडं नाहीत ती याच कारणानं. कॅथलिक पंथानं केवळ ग्रंथावर उभं असल्याचा दावा कधी केलाच नाही. परंपरा हाही त्याचा आधार आहे. आणि ही परंपरा जुनी आहे. दुसऱ्या शतकात स्मुर्णा शहरात पॉलीकार्पला जाळल्यावर त्याच्या लोकांनी हाडं वेचून ठेवली आणि दर वर्षी तिथं जमायचं ठरवलं. आक्षेपही तितकेच जुने. व्हिजिलान्शियस नावाच्या पाद्र्यानं कबरींपुढं भर दिवसा दिवे कशाला आणि कापडात गुंडाळलेली राख चुंबायची कशाला, असं विचारलं. ४०६ च्या सुमारास जेरोमनं त्याला चांगलंच फटकारलं. ७८७ च्या निकीया परिषदेनं मान देणं आणि आराधना यांत रेघ ओढली, आणि १५६३ मध्ये ट्रेंट परिषदेनं ती पुन्हा पक्की केली, शिवाय त्यातला बाजार बंद करा असंही बजावलं. तेव्हा शेजाऱ्यांचा प्रश्न चुकीचा नाही, पण तो एका पक्षाचं माप हातात घेऊन विचारलेला आहे.

ही रेघ मराठीत ओढायची म्हटली की खरी अडचण येते. झेवियर १५५२ मध्ये चीनच्या किनाऱ्याजवळ वारले. १५५४ मध्ये त्यांचं शरीर गोव्यात आलं. १६१४ मध्ये उजव्या हाताचा कोपराखालचा भाग कापून रोमला पाठवला गेला. त्यानंतर दोनच वर्षांनी, १६१६ मध्ये, रायतूरला फादर थॉमस स्टीफन्स यांचं मराठी ‘क्रिस्तपुराण’ छापून झालं. १६५५ मध्ये तिथंच आंतोनियो द साल्दान्यांनी संत अंतोनीची चरित्रकथा छापली. ज्या साष्टीत १५६७ मध्ये देवळं पाडली गेली, तिथल्या नवख्रिस्ती माणसाच्या मनात काय आलं असेल? दगडापुढं वाकू नको म्हणालात, मग या पेटीपुढं का? पाद्र्यांचं उत्तर लॅटिनमध्ये तयार होतं : देवाला ‘लात्रिया’, संतांना ‘दुलिया’. आपल्याकडं नमस्कार आईला, गुरूला, देवाला, खंडेनवमीला हत्यारांनाही. एकाच शब्दात सगळं मावतं. शास्त्रानं ओढलेली रेघ भाषेत दिसत नसेल, तर ती रांगेतल्या माणसाला कशी दिसावी? माझा आक्षेप घ्यायचा तर तो इथं आहे. आधार नाही असं नाही. आधारासोबत येणारी मर्यादा लोकांपर्यंत पोचवणं फार कठीण आहे.

आता दुसरं वाक्य : ‘समाधीसारखंच की!’ दिसायला सारखंच. रांग, दिवा, नवस, डोकं टेकणं. पण समाधी हलत नाही. ती उकरणं, देहाचे भाग वाटणं ही कल्पनाच आपल्याला सहन होत नाही. ख्रिस्ती अवशेष मात्र प्रवास करतो : झेवियर यांचा एक हात रोममध्ये, एक हाड मकावमध्ये, बाकी देह जुन्या गोव्यात १६३७ च्या सुमाराच्या चांदीच्या पेटीत. समाधीत संत आजही बसलेले आहेत असा आपला भाव असतो. ख्रिस्ती शिकवणीत तो देह पुनरुत्थानाची वाट पाहतो आहे. आपल्या भागात अवशेषाला जवळची जोड हवी तर ती विजयपुरात सापडेल. तिथल्या असर महालात पैगंबरांचे केस जपलेले आहेत अशी श्रद्धा आहे. तेही दूरवरून आलेले, आणि ‘असर’ म्हणजे मागं राहिलेली खूण.

गंमत अशी की आपल्या समाधीच्या रीतीला सर्वांत जवळचा उतारा बायबलातच आहे, आणि तो या वादात फारसा कुणी काढत नाही. २ राजे २३ मध्ये योशीया राजा वेदी फोडत, कबरींतली हाडं बाहेर काढून जाळत चाललेला असतो. एका कबरेपाशी तो थांबतो. ही कुणाची, विचारतो. देवाच्या माणसाची, असं कळल्यावर तो सांगतो की याची हाडं कुणी हलवू नयेत. मूर्ती फोडणारा राजा, पण संताच्या कबरेला हात लावत नाही. हा उतारा बासेल मिशनवाल्या शेजाऱ्यांना मान देण्याबद्दल विचार करायला लावतो, आणि गोव्याला जाणाऱ्यांना हलवण्याबद्दल.

म्हणून मंडळातल्या मित्रांना एवढंच सुचवतो. एखाद्या दर्ग्यावर, समाधीवर, चर्चमधल्या पेटीवर टिपण लिहाल तेव्हा ‘सगळं एकच’ किंवा ‘ही अंधश्रद्धा’ असं लिहून मोकळं होऊ नका. देह कुठं आहे, तो हलवला का, आणि तिथले लोक आपल्या नमस्काराला स्वतः काय म्हणतात, हे तिघंही लिहून ठेवा. वाद पुढच्या पिढीलाही घालता येईल. ही माहिती मात्र आजच्या माणसांबरोबर जाईल.