रोज वाचलेला एक दुर्बोध ग्रंथ

दिवाळी अंकासाठी टीकालेख लिहायचा म्हणजे वर्षभरात गाजलेल्या एखाद्या कादंबरीची नाहीतर कवितासंग्रहाची चिकित्सा करावी, अशी आपल्याकडे रीत आहे. मीही ती आजवर इमानाने पाळली. परंतु यंदा लेखणी हातात घेतली आणि सहज हिशेब केला (उभा जन्म बँकेत गेल्यामुळे हिशेबाची खोड जात नाही), तेव्हा ध्यानात आले की, आयुष्यात मी सर्वांत अधिक वेळ जे वाचले ती कादंबरीही नव्हे आणि काव्यही नव्हे. तो होता माझ्या टेबलावरच्या संगणकाचा पडदा. दिवसाचे सात-आठ तास, सुमारे तीस वर्षे! एवढे पारायण मी पोथीचेही केले नाही. आणि ज्या ग्रंथाने माझ्यासारख्या हजारोंचे डोळे, मान आणि स्वभाव बिघडवला, त्यावर मराठीत साधे परीक्षण लिहावे असे कुणाला वाटलेले माझ्या पाहण्यात नाही. ती उणीव भरून काढण्याचा हा अल्पसा प्रयत्न.

प्रारंभीच एक गोष्ट कबूल करतो. मी जुन्या खतावण्यांचा भाट नव्हे. 1982 साली नोकरीला लागलो तेव्हा जाडजूड लेजरे उचलून माझी कंबर धरत असे, आणि शिलकांची बेरीज चार आण्यांनी चुकली की रात्री नऊपर्यंत सारी शाखा ते चार आणे शोधत बसे. 1984 साली रंगराजन समितीचा अहवाल आला आणि पुढे बँकांतून यंत्रे येऊ लागली, तेव्हा आमच्यातल्या पुष्कळांनी घोषणा दिल्या, मीही दिल्या. परंतु आज चिपळूणच्या माणसाला नागपुरात आपले पैसे काढता येतात, हे त्या यंत्रांचेच देणे आहे. तेव्हा संगणक नको होता असे माझे म्हणणेच नाही. माझी तक्रार ग्रंथाच्या विषयाविषयी नाही, लेखनाविषयी आहे.

आमच्या शाखेत आलेला पहिला पडदा काळा होता आणि त्यावर हिरवी अक्षरे उमटत. दिसायला अगदी दरिद्री. पण त्याला एक शिस्त होती. पाच-सहा अक्षरांचा संकेत टंकला की हवे ते पान समोर हजर. काही महिन्यांत ते संकेत डोक्यातून उतरून बोटांत गेले. आमचे एक हेडकॅशिअर समोरच्या माणसाशी त्याच्या मुलीच्या लग्नाविषयी बोलत बोलत, पडद्याकडे न पाहता, व्यवहार पुरा करीत. पेटीवर बोटे फिरवणाऱ्या माणसाला सूर शोधावे लागत नाहीत, तसे.

मग सुधारणा झाली. रंग आले, चित्रे आली, कोपऱ्यात संस्थेचे बोधचिन्ह आले आणि मधोमध एक गोल गरगरू लागला. त्या गोलाविषयी मी पानेच्या पाने लिहू शकेन. पूर्वी जे काम चार कळांत होई त्याला आता माऊस घेऊन तीन याद्या उलगडाव्या लागत, आणि प्रत्येक यादी उलगडताना तो गोल फिरे. समोर रांग उभी. "सिस्टीम स्लो आहे" हे वाक्य मी किती वेळा उच्चारले असेल! काऊंटरच्या पलीकडच्या माणसाला सिस्टीम दिसत नाही. त्याला मी दिसतो, स्वस्थ बसलेला. सरकारी खुर्चीत आळशी माणूस बसतो ही समजूत समाजात मूळचीच पक्की. त्या गोलाने तिला रोज खतपाणी घातले.

हा प्रश्न नवा नाही. 1968 साली आयबीएममधल्या रॉबर्ट मिलर यांनी यंत्राच्या उत्तराला किती विलंब चालतो याविषयी एक निबंध लिहिला. त्यांनी माणूस आणि संगणक यांच्यातल्या व्यवहाराला चक्क संभाषण म्हटले आहे. मला हा शब्द फार आवडला. दोन माणसे बोलत असताना एकाने प्रत्येक वाक्यानंतर डोळे मिटून घेतले, तर दुसऱ्याचे काय होईल? पुढे 1982 साली त्याच कंपनीतल्या डोहर्टी आणि ठडाणी यांनी आणखी मार्मिक गोष्ट दाखवली. तोवर समज असा की, यंत्राने दोनेक सेकंद घेतले तरी बिघडत नाही. तेवढ्यात माणूस पुढचा विचार करतो. प्रत्यक्षात उलटे आढळले. यंत्र जितके सावकाश उत्तर देई, तितका माणूसही आपली पुढची आज्ञा देण्यास अधिक वेळ घेई. उत्तर सेकंदाच्या आत आले की माणसाचाही वेग वाढे. म्हणजे मंद यंत्र फक्त आपला वेळ खात नाही, ते आपल्यालाही मंद करते. हे वाचले आणि मला माझी शेवटची दहा वर्षे डोळ्यांसमोर दिसली.

पण मंदपणा एक वेळ सोसवतो; विसंगती सोसवत नाही. आमच्या ग्रंथाला लेखक एक नव्हता. ठेवींची पाने एकाने लिहिलेली, कर्जाची दुसऱ्याने, पेन्शनची आणखी तिसऱ्याने. आणि या तिघांची आपसांत ओळख नसावी, असा माझा पक्का संशय आहे. एका पानावर समोरच्या माणसाला 'कस्टमर' म्हणत, दुसऱ्यावर 'पार्टी'. एका ठिकाणी तारखेत आडव्या रेघा हव्यात, दुसऱ्या ठिकाणी तिरप्या. एका पानावर जी कळ दाबली असता मजकूर जतन होई, तीच कळ पलीकडच्या पानावर सारे पुसून बाहेर नेई. नवकाव्यावर एके काळी दुर्बोधतेचा केवढा आरोप झाला! परंतु मर्ढेकरांची प्रतिमा अवघड असली, तरी पान उलटताच तिचा अर्थ बदलत नाही. कवी अवघड असतो तेव्हा त्याला काही सांगायचे असते. हा ग्रंथ कुणालाही काहीही सांगायचे नसताना अवघड होता.

आणि याची किंमत फक्त कारकुनाच्या मनस्तापात मोजावी असेही नाही. 11 ऑगस्ट 2020 रोजी अमेरिकेत सिटीबँकेला रेव्हलॉन या प्रसाधनांच्या कंपनीच्या वतीने सावकारांना सुमारे 78 लाख डॉलर व्याज पाठवायचे होते. प्रत्यक्षात बँकेचे स्वतःचे सुमारे 90 कोटी डॉलर निघून गेले. ते ज्या सॉफ्टवेअरवर घडले त्याचे नाव फ्लेक्सक्यूब. आपल्या मुंबईत वाढलेल्या आय-फ्लेक्स कंपनीची ही निर्मिती, पुढे ऑरॅकलकडे गेलेली. मुद्दल बँकेतच ठेवायचे तर पडद्यावरचे तीन रकाने भरावे लागत: 'प्रिन्सिपल', 'फ्रंट' आणि 'फंड'. तिघांनी तपासायचे काम. दोघे भारतात बसलेले, तिसरा अमेरिकेत. तिघांनाही वाटले की, मुद्दलासाठी 'प्रिन्सिपल' हा एक रकाना पुरे. शब्दाचा अर्थच तो! टीकाकार म्हणून मला याहून रस आहे तो पडद्याने दिलेल्या इशाऱ्यात. पैसे बँकेबाहेर जात आहेत, पुढे जायचे का, अशा आशयाचे ते वाक्य होते. किती पैसे, हे त्यात नव्हते. व्याज तर बाहेर जायचेच होते. म्हणजे काम बरोबर असते तरी इशारा खरा, आणि चुकले तरी खरा. जे वाक्य दोन्ही वेळा सारखेच खरे असते, ते वाक्यच नव्हे, तो नुसता आवाज आहे. फेब्रुवारी 2021 मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयाने, परत न आलेले सुमारे 50 कोटी सावकारांनी ठेवावेत असा निकाल दिला. सप्टेंबर 2022 मध्ये वरच्या न्यायालयाने तो फिरवला. दोन वर्षे खटला चालला तो मूळ तीन रकान्यांपायी. आणि बातम्यांत त्याला म्हटले होते 'कारकुनी चूक'. हा शब्द वाचून मला त्या रात्री झोप लागली नाही.

माझा भाचा पुण्याला हिंजवडीत असल्याच सॉफ्टवेअरचे काम करतो. मी त्याच्यावर तोंडसुख घेतले. तो बिचारा शांतपणे म्हणाला, "मामा, मी ज्याच्यासाठी पान लिहितो त्या माणसाला मी कधी पाहिलेलेच नाही. मला कागदावर यादी येते." मग त्यानेच समजावले की, असली सॉफ्टवेअरे मुख्य कचेरीतले साहेब विकत घेतात, तुलना होते ती किती सोयी आहेत याची, आणि ती सोय किती कळांत हाती लागते हा रकाना तुलनेच्या तक्त्यात नसतो. ज्याला वापरायचे त्याने निवडायचे नाही. चप्पल एकाने घ्यायची आणि चालायचे दुसऱ्याने, असा हा प्रकार.

निवृत्तीच्या आधीच्या नोव्हेंबरची गोष्ट. दिवाळी नुकतीच होऊन गेली होती. नोव्हेंबर म्हणजे पेन्शनरांनी हयातीचा दाखला द्यायचा महिना. लक्ष्मीबाई नावाच्या एक आजी नातवाचा हात धरून आल्या. दाखला पडदा घेईना. पेन्शनच्या पानावर त्यांचे नाव रोमन लिपीत 'एक्स' घालून लिहिलेले, खात्याच्या पानावर 'के-एस-एच' घालून. एकीकडे आडनाव आधी, दुसरीकडे शेवटी. दोन्ही पाने आपापल्या जागी ठाम. गोल फिरत होता. पाऊण तास आजी बाकावर बसल्या, मग उठून काचेशी आल्या आणि म्हणाल्या, "अहो साहेब, मी इथं उभी आहे, ते त्याला सांगा ना." सांगण्याची सोय नव्हती. माझ्या शेजारच्या मुलीने आपल्या पडद्याच्या कडेला डकवलेल्या चिठ्ठ्यांतली एक चाचपून पाहिली. 'नाव न जुळल्यास आधी मागे जा, मग दुसऱ्या यादीतून शिर, एंटर नको, टॅब.' तिने तसे केले, आणि आजी हयात ठरल्या.

आमच्या शाखेतल्या प्रत्येक पडद्याला अशा चिठ्ठ्यांची झालर होती. पिवळ्या, मळक्या, कुणाच्या कुणी लिहिलेल्या. ग्रंथावर टीका लिहिण्याची आपली परंपरा मोठी. टीका म्हणजे अर्थ उलगडणारे भाष्य, या मूळ अर्थाने मी पाहिलेली सर्वांत प्रामाणिक टीका ती. पुढल्या मार्चच्या आधी नवी आवृत्ती आली. पानांचा क्रम बदलला, रंग निळा झाला, आणि एकाच सकाळी साऱ्या चिठ्ठ्या खोट्या ठरल्या. त्या मुलीने त्या सोलून टोपलीत टाकल्या, दुपारपर्यंत मुकाट्याने पडद्याशी झगडली, आणि चहाच्या वेळी ड्रॉवरमधून कोरी चिठ्ठी काढून तिच्यावर 'एक' असा आकडा घातला.