'वीस एक' आणि शाळेची निवड

२०१९ च्या जूनमध्ये बालभारतीच्या इयत्ता दुसरीच्या गणिताच्या नव्या पुस्तकात 'एकवीस'सोबत 'वीस एक' असे वाचन आले आणि महाराष्ट्रात वाद माजला. विधानसभेतही थट्टा झाली. गणित समितीच्या अध्यक्षा (कै.) मंगला नारळीकर यांचे म्हणणे साधे होते : मराठीत बोलताना एकक आधी व लिहिताना दशक आधी येतो, शिवाय जोडाक्षरांशी मूल अडखळते.

हे म्हणणे भक्कम आहे. बेळगावात हे पुस्तक लागू नाही, पण त्याचा पुरावा तेथे शेजारच्या घरात मिळतो. कन्नडमध्ये २१ म्हणजे 'इप्पत्तोंदु', आधी वीस मग एक. उर्दूची अडचण मराठीपेक्षा थोडी अधिकच. ६९ 'उनहत्तर', ७९ 'उनासी', त्याच चालीने मूल पुढे जाते आणि ८९ ला 'नवासी' समोर येते. त्यात मजकूर उजवीकडून, अंक डावीकडून!

पुस्तकाची उणीव वेगळीकडे आहे. पहिली-दुसरीचे गणित घरी पाढ्यांतून होते. चौथी शिकलेल्या आईला मुलाचा जो एकमेव विषय तपासता येतो, तो हाच. नवे वाचन तिला कोणी समजावून सांगितले नाही, तर पुस्तक तिच्या हातून निसटते. मग जे नाही तरी अनोळखी, ते इंग्रजीतूनच का नको, असा तिचा हिशेब होतो. इंग्रजी शाळेत ती याहूनही कमी तपासू शकेल, हे तिला प्रवेशाच्या वेळी कोण सांगणार?

तिचा हिशेब मात्र अडाणीपणाचा म्हणून झटकता येत नाही. अकरावी विज्ञानात पाठ्यपुस्तक इंग्रजी असते. दहावीपर्यंत 'मुसल्लस' आणि 'ज़ाविया' शिकलेल्या विद्यार्थ्याला सिद्धता येत असते, पण 'ट्रँगल', 'अँगल' ऐकताना तो थबकतो. त्रिकोण-कोनवाल्या मराठी विद्यार्थ्याचेही तेच. महाविद्यालयातील शिक्षक त्याला कच्चा ठरवून मोकळे होतात. गणित-विज्ञान तेवढे इंग्रजीतून शिकवणाऱ्या सेमी-इंग्रजी वर्गांकडे पालक वळतात ते याच भीतीने. तेथेही पहिलीपासून अनोळखी भाषेत बेरीज शिकवणे घाईचेच आहे. संकल्पना घरच्या भाषेत पक्की करून पाचवीपासून दोन्ही संज्ञा शेजारी शेजारी दिल्या, तर दहावीपर्यंत सहा वर्षे हाताशी राहतात. त्यासाठी नवे पुस्तकही लागत नाही. फळ्याचा एक कोपरा पुरतो. आणि अकरावीच्या पहिल्या पंधरवड्यात हेच काम कनिष्ठ महाविद्यालयालाही करता येण्यासारखे आहे.