तक्त्यावरची शिडी

मासा, बेडूक, सरडा, डायनोसॉर आणि सर्वांत वर सस्तन प्राणी, असा तक्ता पुष्कळ वर्गांत टांगलेला असतो. चित्रे सुबक, क्रम मात्र फसवा आहे, असे आम्हांला वाटते. डायनोसॉर संपले, मग सस्तन अवतरले, असाच मुलांचा समज होतो. वास्तविक सस्तनांकडे येणारी शाखा सरड्यांच्या शाखेपासून ३० कोटी वर्षांपूर्वीच वेगळी झाली. प्राणहिता-गोदावरी खोऱ्यातील ज्या ज्युरासिक खडकांत 'बारापासॉरस' हा प्रचंड डायनोसॉर मिळाला, त्यांतच 'कोटाथेरियम' (१९८१) हा सस्तनही. पुरावा काय, तर एक दाढ! जव्हारकडील वांगणीचा काळा कातळ ज्या दख्खनी लाव्ह्याचा, त्याच्याच थरांमधल्या गाळात, तेलंगणातील नसकल येथे, 'डेक्कनोलेस्टिस हिस्लॉपी'चे इवलेसे दात सापडले (१९८८). हे हिस्लॉप म्हणजे आपले नागपूरचे पाद्री. वांगणीच्या गुरुजींनी तक्ता फाडू नये. डायनोसॉरच्या पायाशी चिचुंद्रीएवढा प्राणी पेन्सिलीने काढावा.