फाशाविना कथा : भूमिकाखेळांच्या मालिकारूपाचा प्रश्न

साहित्यकृतीचे चित्रपटात किंवा मालिकेत होणारे माध्यमांतर हा समीक्षेच्या परिचयाचा विषय आहे. तेथे समीक्षकाच्या हाती एक स्थिर संहिता असते. काय वगळले, काय वाढविले याचा हिशेब मांडता येतो. टेबलटॉप रोल-प्लेइंग गेम या नावाने ओळखल्या जाणाऱ्या, टेबलाभोवती बसून खेळावयाच्या भूमिकाखेळांबाबत मात्र अशी संहिताच उपलब्ध नसते. गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांचा ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ १९७४ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाला. त्याच्या नियमपुस्तकांत शस्त्रे, मंत्र, राक्षस व त्यांच्या सामर्थ्याची कोष्टके होती, कथा नव्हती. एक सूत्रधार प्रसंग सांगतो, प्रत्येक खेळाडू आपल्या पात्राची कृती ठरवितो आणि जेथे यशाची खात्री नाही तेथे फासा निर्णय देतो. कोकणातील दशावतारातही पात्रे लिखित संहितेवाचून उत्स्फूर्त संवाद रचतात. परंतु तेथे समोर प्रेक्षक असतो आणि आख्यान त्याला बहुधा ठाऊक असते. भूमिकाखेळात कथेचे कर्ते हेच तिचे श्रोते असतात आणि शेवट सूत्रधारालाही ठाऊक नसतो.

मग दूरचित्रवाणी नेमके कशाचे माध्यमांतर करते? या प्रश्नाचे पहिले उत्तर सी.बी.एस. वाहिनीवर १९८३ ते १९८५ या काळात दाखविल्या गेलेल्या ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ या सत्तावीस भागांच्या अ‍ॅनिमेशन मालिकेत आढळते. मनोरंजन उद्यानातील सफरगाडीत बसलेली सहा मुले एका अद्भुत प्रदेशात जाऊन पडतात आणि घरी परतण्याची वाट शोधत राहतात, असे तिचे कथासूत्र आहे. खेळातील वर्ग, म्हणजे धनुर्धर, चोर, जादूगार इत्यादी, मुलांना जसेच्या तसे वाटून दिले आहेत. लक्षणीय बाब अशी की खेळाचा सूत्रधारही येथे पात्र होऊन अवतरतो. हा बुटका वृद्ध कूटवचने सांगतो आणि अंतर्धान पावतो. टेबलावरचा सूत्रधार खेळाडूंच्या उत्तराची वाट पाहतो, त्यांच्या अनपेक्षित निर्णयाने स्वतःची योजना बदलतो. पडद्यावरील सूत्रधाराला मात्र सर्व आधीच ठाऊक आहे. खेळातील संवादाचे रूपांतर उपदेशात झाले आहे.

एरिक या पात्राच्या घडणीतून हेच अधिक स्पष्ट होते. तो सतत कुरकुर करतो, समूहाच्या निर्णयाला विरोध करतो आणि बहुतेक वेळा चुकीचा ठरतो. मालिकेच्या उभारणीत सहभागी असलेले लेखक मार्क इव्हानियर यांनी पुढे नमूद केले आहे की, समूह नेहमी बरोबर व तक्रार करणारा नेहमी चूक, ही शिकवण पालकसंघटनांच्या दबावातून आली होती. भूमिकाखेळाचा प्राण मतभेदात असतो. दार उघडावे की परतावे यावर घटका-घटका चालणारा वाद हा खेळातील व्यत्यय नसून तोच खेळ होय. ज्या मालिकेने खेळाचे नाव धारण केले तिनेच हा वाद दोषास्पद ठरवावा, हा विरोधाभास मोठा आहे.

फॉक्स वाहिनीवरील ‘किंड्रेड : द एम्ब्रेस्ड’ ही मालिका १९९६ साली आठ भागांत आटोपली. तिला आधार होता ‘व्हँपायर : द मॅस्करेड’ या १९९१ मधील खेळाचा. मालिकेतील रक्तपिपासू नुकतेच रक्त प्यालेले असतील तर दिवसा उजेडी वावरू शकतात. मूळ खेळात सूर्यप्रकाश त्यांना घातक आहे. चित्रीकरणाच्या दृष्टीने ही सवलत सोयीची असेल, पण खेळातील नियम म्हणजे केवळ वर्णन नव्हे. प्रत्येक निवडीची किंमत त्यामुळे ठरते. ती किंमत काढून घेतल्यावर उरतो तो टोळीयुद्धाचा परिचित मसाला.

दुसरी वाट जपानमध्ये निघाली. ‘रेकॉर्ड ऑफ लोडॉस वॉर’ या कथेचा उगम नियमपुस्तकात नसून प्रत्यक्ष खेळल्या गेलेल्या डावांत आहे. १९८६ पासून ‘कॉम्प्टिक’ मासिकात या डावांची संवादरूप इतिवृत्ते प्रसिद्ध झाली. सूत्रधार र्‍यो मिझुनो यांनी १९८८ पासून त्यांवर कादंबऱ्या लिहिल्या. १९९० मध्ये गृहचित्रफितींसाठीची तेरा भागांची अ‍ॅनिमेशन मालिका सुरू झाली आणि १९९८ मध्ये दूरचित्रवाणी मालिका आली. डीडलिट ही विख्यात एल्फ नायिका मूळ डावात हिरोशी यामामोतो या पुरुष लेखकाने खेळली होती. कादंबरीत ती मिझुनोंच्या लेखणीतून उतरली. अनेकांनी मिळून रचलेली कथा अशा रीतीने एका लेखकाची झाली, आणि कलाकृतीला एकसंधता लाभली ती या किमतीवर.

अमेरिकेतील ‘क्रिटिकल रोल’ या मंडळीने कर्तृत्व असे एका हाती जाऊ दिले नाही. मॅथ्यू मर्सर यांच्या सूत्रधारत्वाखाली व्यावसायिक आवाज-अभिनेत्यांनी मार्च २०१५ पासून आपला खेळ थेट प्रक्षेपित केला. पहिली मोहीम ११५ भागांची, प्रत्येक भाग काही तासांचा. २०१९ मध्ये चाहत्यांनी अ‍ॅनिमेशनसाठी एक कोटी तेरा लाख डॉलरहून अधिक वर्गणी दिली. ‘द लेजंड ऑफ वॉक्स मॅकिना’ २०२२ पासून अ‍ॅमेझॉनवर आली आणि मूळ खेळाडूंनीच आपापल्या पात्रांना आवाज दिले.

या मालिकेची खरी परीक्षा वेक्सच्या मृत्यूत आहे. २०१६ मधील डावात पर्सी सापळा न तपासता एका प्राचीन चिलखताला हात लावतो आणि त्या आघाताने वेक्स मरते. तिला परत आणण्याच्या विधीत सोबत्यांचे प्रयत्न व अंतिम निकाल फाशावर अवलंबून होते. तिचा जुळा भाऊ व्हॅक्स मृत्युदेवतेला स्वतःला देऊ करतो, तो निर्णय खेळाडूने त्या क्षणी घेतलेला आहे. पाहणाऱ्याला टेबलाभोवतीचे चेहरे दिसतात, कारण पात्र कायमचे जाण्याची शक्यता खरी आहे. २०२३ च्या दुसऱ्या पर्वात घटना तीच आहे. चित्रे देखणी, संगीत प्रभावी. परंतु फासा नाही. व्हॅक्सचा त्याग आता नियतीसारखा भासतो. पात्राचे दुःख मालिकेने राखले, खेळाडूची भीती तिला राखता आली नाही. ही उणीव कारागिरीची नव्हे. आधीच घडून गेलेल्या फाशाला पुन्हा अनिश्चित करणे लिखित पटकथेला शक्य नसते.

नोव्हेंबर २०२५ मध्ये सुरू झालेल्या ‘द मायटी नाइन’ने बहुधा हे ओळखले आहे. तिचे भाग अधिक लांबीचे आहेत आणि कथेचा आरंभ एका पवित्र वस्तूच्या चोरीपासून होतो. मूळ मोहिमेत ही चोरी पडद्याआड घडली होती. खेळाडूंना तिचा उलगडा हळूहळू, प्रश्न विचारत झाला. सूत्रधाराने खेळाडूंपासून जे दडवून ठेवले होते ते मालिकेचा प्रेक्षक सर्वांत आधी पाहतो. खेळाडूच्या खुर्चीत बसविणे शक्य नसल्याने प्रेक्षकाला सूत्रधाराच्या शेजारी बसविण्यात आले आहे.