गंजाडची चित्रं आणि संख्यारेषेवरचा छेद

आज वारली चित्रांबद्दल बोलायचंय, पण सुरुवात फळ्यावरच्या एका रेषेने करू.

संख्यारेषेवर दोन अंतरालं घ्या: ३ ते ८ आणि ५ ते १२. सामाईक भाग कोणता? ५ ते ८. रीत सोपी आहे. दोन आरंभांपैकी उशिराचा घ्यायचा, दोन शेवटांपैकी आधीचा. आरंभच शेवटाच्या पुढे गेला, तर छेद रिक्त. दोन्ही एकाच बिंदूवर आले, तर तो बिंदू दोन्हीकडे धरलाय का, एवढं पाहायचं.

आता ही रीत डहाणू तालुक्यातल्या गंजाडला लावू. गंजाड म्हणजे जिव्या सोमा म्हसे यांचं गाव. वारली कलेबद्दल एक मांडणी वारंवार वाचायला मिळते: आधी बायका भिंतीवर लग्नचौक काढत, मग १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला भास्कर कुलकर्णी या भागात आले, कागद आला, आणि कला घराबाहेर पडली. 'आधी' आणि 'मग'. जणू एक अंतराल जिथे संपलं, तिथे दुसरं सुरू झालं. या मांडणीवर आमचा आक्षेप आहे.

तपासून बघा. लग्नचौकाचा आरंभ नेमका सांगता येत नाही. डावं टोक मोकळं ठेवू. कागदावरच्या चित्रांचा आरंभ १९७०च्या दशकातला. उशिराचा आरंभ हाच. आणि शेवट? दोन्हींचा झालेला नाही. वारली लग्नात आजही सवाशिणी तांदळाच्या पिठाने चौक लिहितात, मधोमध पालघट देवी असते, धवलेरी गाते. म्हणजे छेद कोणता? कागदाचं अख्खं अंतराल! ते लग्नचौकाच्या अंतरालाच्या पोटातच आहे.

याने काय बदलतं? म्हसे यांना १९७६ साली राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, १९८९ साली त्यांची चित्रं पॅरिसच्या मोठ्या प्रदर्शनात लागली, २०११ साली पद्मश्री मिळाली, २०१८ साली ते गेले. या सगळ्या काळात पाड्यांवर चौक लिहिले जातच होते. पण लिहिणाऱ्या बायकांना 'आधी'च्या खणात टाकलं, की समकालीन चित्रकार म्हणून त्यांचा विचारच होत नाही. त्या फक्त पूर्वपीठिका उरतात.

यात म्हसे यांचं श्रेय कमी होत नाही, उलट नीट दिसतं. चौकाला जागा ठरलेली, प्रसंग ठरलेला, देवी ठरलेली. म्हसे यांनी तो नेम बाजूला ठेवून मासेमारीचं जाळं, शेतं, माणसांची गजबज काढली. हा फरक त्याच वर्षांतला चौक शेजारी ठेवल्याशिवाय कळत नाही.

एक सावधगिरी मात्र हवी. काळ जुळला म्हणजे एकाचा दुसऱ्यावर प्रभाव पडला, असं सिद्ध होत नाही. छेद रिक्त नाही, एवढंच कळतं. पुढची तुलना चित्रं पाहूनच करावी लागते. तेव्हा कुठल्याही लेखात 'आधी' आणि 'मग' भेटले, की आपण दोन रेघा ओढून बघू या.