उपदेश, ओवी आणि हिप-हॉप

हिप-हॉपची मनापासून आवड असलेल्या ख्रिस्ती शिक्षकाने त्या प्रकारातून धर्मोपदेश करावा काय, हा प्रश्न बहुधा औचित्याचा म्हणून चर्चिला जातो. आमच्या मते तो प्रथम छंदाचा व श्रोत्याचा आहे. औचित्याची शंका आपल्या परंपरेत फार काळ टिकत नाही. मांजरसुंब्याजवळ कपिलधार येथे ज्यांची समाधी आहे, त्या मन्मथस्वामींनी वीरशैव तत्त्वज्ञान ‘परमरहस्या’त मराठी ओवीतूनच सांगितले. ओवी एका पंथाच्या मालकीची कधीच नव्हती.

ख्रिस्ती परंपरेपुरते पाहावयाचे तर फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ (राचोल, 1616) हे सर्वांत बोलके उदाहरण होय. सुमारे अकरा हजार ओव्यांच्या या ग्रंथाची भाषाशुद्धी, कोकणी शब्दांचे मिश्रण इत्यादींवर पुष्कळ लिहिले गेले आहे. ग्रंथारंभीच्या प्रसंगाकडे मात्र पुरेसे लक्ष गेलेले नाही. साष्टीत मुलांना धर्मशिक्षण दिले जात असता एक नवख्रिस्ती ब्राह्मण पाद्रीगुरूंना विचारतो, की आमची जुनी पुराणे तुम्ही वर्ज्य केलीत, मग तशाच प्रकारचे पुराण आम्हांस का देत नाही? प्रश्नोत्तररूप धर्मशिक्षण त्याच्यापुढे होतेच, आणि स्टीफन्स यांनी तसे पुस्तकही रचिले. तेथे उत्तर ठरलेले असते, एवढेच नव्हे, तर प्रश्नही ठरलेला असतो. ब्राह्मणाचा प्रश्न ठरलेला नाही. त्यात तक्रार आहे. आणि ती ज्या सत्तेने पोकळी निर्माण केली तिच्याच प्रतिनिधीपुढे मांडलेली आहे. म्हणजे, निदान ग्रंथाच्या स्वतःच्या साक्षीनुसार, ओवी हे गुरूने लावलेले आमिष नव्हे. ती शिष्याने केलेली मागणी आहे.

रेव्हरंड ना. वा. टिळक (बाप्तिस्मा 1895) यांनी अहमदनगरच्या ख्रिस्ती मंडळींसाठी भजने-अभंग रचिले, कीर्तनाचा पुरस्कार केला, त्यामागेही हीच जाणीव दिसते. इंग्रजी चालीवर बसविलेल्या भाषांतरित गीतांत ऱ्हस्व स्वर अकारण ताणावे लागत, आणि मराठी कानाला ते खटकत असे.

हिप-हॉपची अडचण येथेच सुरू होते. 1973 मध्ये न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात उगम पावलेल्या या प्रकाराला शिकवण परकी नाही. केआरएस-वन स्वतःस शिक्षकच म्हणवितो. श्रद्धाही परकी नाही. लेक्रे या ख्रिस्ती रॅपगायकास 2013 साली ग्रॅमी पारितोषिक मिळाले. परंतु इंग्रजी रॅप शब्दांतर्गत आघातावर उभा असतो. मराठीत तसा अर्थभेदक आघात नाही. येथे कालमान अक्षराच्या लघुगुरुत्वावर चालते. शिवाय ‘केला-गेला’, ‘येतो-जातो’ अशी प्रत्ययांची यमके फुकट मिळतात. ओवीला ती चालतात, कारण तिचे तीन चरण यमक जुळवितात आणि चौथा, आखूड चरण ते मोडून श्वास देतो. रॅपमध्ये तीच यमके ओळीमागून ओळ आली की कविता पाढ्यासारखी वाटू लागते, आणि उपदेश तर पाढ्याकडे आधीच झुकलेला असतो.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर. रॅपच्या सामन्यात समोरच्याला प्रत्युत्तराचा हक्क असतो. वर्गात वा प्रार्थनामंदिरात ठेका उचलला जातो, हा हक्क मात्र दाराबाहेर राहतो. उरते ते तालावर म्हटलेले प्रश्नोत्तर. साष्टीतील त्या ब्राह्मणाला ते पुरले नव्हते.